नाट्यशिक्षणाची पहिली पायरी

दरसाल ५ नोव्हेंबर उजाडला कीं सांगलींत मराठी रंगभूमीचें स्तोत्र सुरू होतें. १८४३ सालीं याच दिवशीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' उभें केलें, म्हणून हा रंगभूमिदिन. त्या दिवशीं रंगदेवतेची पूजा होते, भाव्यांच्या नांवाचें गौरवपदक एखाद्या थोर कलावंतास अर्पण होतें, भाषणांतून सांगलीस 'नाट्यपंढरी' ही पदवी पुन्हां एकदां बहाल होते, आणि श्रोते प्रसन्न अंतःकरणानें घरीं जातात. पदकाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. बालगंधर्वांपासून चालत आलेली ती परंपरा अभिमान बाळगावा अशीच आहे. परंतु पंढरी म्हटली म्हणजे वारी आली, आणि वारी म्हटली म्हणजे वाट आली. सांगली-साताऱ्याकडच्या सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनांत नाट्यकलेचें रीतसर शिक्षण घ्यावयाचें आलें, तर त्यांनीं कोणत्या वाटेनें जावें, हा साधा प्रश्न त्या समारंभास आलेल्या कोणाही सुशिक्षित गृहस्थास विचारून पाहावा. गृहस्थ प्रथम हंसतील, मग दहावीला गुण किती मिळाले याची चौकशी करतील, आणि शेवटीं 'आधीं एखादी पदवी घे, मग बघूं' असा सल्ला देतील. वाट त्यांना ठाऊक नसते. कारण ती नाहींच.

या विधानावर कोणी रागावतील, म्हणून खुलासा करितों. नाट्यविषयाची पदवी देणाऱ्या संस्था महाराष्ट्रांत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ सालीं निघालें. बारावी झालेल्या विद्यार्थ्यास तेथें तीन वर्षांत नाट्यविषय घेऊन पदवीधर होतां येतें. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्‌स २००३ सालीं सुरू झाली. तेथें पदव्युत्तर शिक्षण मिळतें. आपल्या उंबऱ्यावर म्हणावें इतक्या जवळ, कोल्हापुरास, शिवाजी विद्यापीठांत संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीस १९५९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. म्हणजे इमारतीस वरचे मजले आहेत, तेथें शिक्षक आहेत, खिडक्यांतून उजेडही येतो. नाहीं तो जिना. शाळेचा शेवटचा दिवस आणि या संस्थांची प्रवेशपरीक्षा यांच्यामध्यें जी दरी आहे ती ओलांडण्याची सोय, एखाददुसऱ्या सुट्टींतील शिबिरापलीकडे, आम्हांस या दोन जिल्ह्यांत दिसत नाहीं. आणि ती असावी असें फारसें कोणास वाटतही नाहीं, हें आमचें खरें गाऱ्हाणें आहे.

दरी किती रुंद आहे तें पाहूं. दिल्लीच्या विद्यालयांत अर्ज करणारा पदवीधर तर असावा लागतोच. शिवाय निदान सहा नाट्यप्रयोगांत त्यानें भाग घेतलेला असावा, अशी तेथील अट चालत आली आहे. अट वाजवी आहे. ज्यानें रंगमंचावर पाऊलही ठेवलेलें नाहीं त्यास तीन वर्षें सरकारी खर्चानें शिकवावें असें कोण म्हणेल? पण सहा नाटकें! पुण्याच्या हौशी मुलानें तीं विशींत येण्यापूर्वींच केलेलीं असतात. आठव्या वर्षीं बालनाट्य, शाळेंत नाट्यवाचन, आणि महाविद्यालयांत शिरतांच पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ पासून चालविलेल्या या एकांकिकास्पर्धेनें पुण्यांतल्या कित्येक पिढ्यांस तालीम म्हणजे काय वस्तु आहे हें शिकविलें.

आतां जत, आटपाडी, माण, खटाव अशा एखाद्या दुष्काळी तालुक्यांतील मुलगी डोळ्यांपुढें आणा. शाळेच्या स्नेहसंमेलनांत तिनें एकदां जिजाबाईचें काम केलेलें असतें. जत्रेंत तमाशाची कनात बाहेरून पाहिलेली असते. बाकीचें सर्व नाट्य तिला दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून नाहीं तर हातांतल्या फोनवरून ठाऊक. आवाज खणखणीत आहे, नक्कल अशी करते कीं सारी गल्ली हंसून लोळावी, आणि आजीच्या ओव्या तिला ढिगानें पाठ आहेत. ती रात्रीच्या एस्‌टीनें पुण्यास प्रवेशपरीक्षेला जाते. तेथें सांगतात, तयार करून आणलेला उतारा सादर करा; तिनें पाठ केलेला उतारा वक्तृत्वस्पर्धेचा असतो. सांगतात, अमुक प्रसंग ऐन वेळीं उभा करून दाखवा. ती परीक्षकांच्या तोंडाकडे पाहत राहते. विचारतात, अलीकडे कोणतीं नाटकें पाहिलीं? ती खरें तें सांगते, आणि तेथेंच तिची परीक्षा संपते.

परीक्षक दुष्ट नसतात. त्यांच्यापुढें दोन मुलें उभीं राहतात. एकाच्या अंगांत सहजता असते, दुसऱ्याच्या अंगांत संकोच असतो. सहजतेला ते गुण देतात आणि त्या गुणांस 'प्रतिभा' असें नांव देतात. आम्ही म्हणतों कीं, त्या दिवशीं त्या खोलींत मोजली जाते ती बहुतांशीं सवय होय. ही सवय शहरांत राहणाऱ्या, आईबापांजवळ थोडा वेळ आणि थोडा पैसा असणाऱ्या घरांत नकळत अंगीं लागते. तिला प्रतिभा म्हणून आपण शहरच्या मुलास आंत घेतों, जत-माणच्या मुलीस परत पाठवितों, आणि पुढें चारचौघांत बोलून दाखवितों कीं, काय करावें, खेड्यांतल्या मुलांत म्हणावी तशी कलेची ओढ राहिली नाहीं!

इतर कलांची स्थिति अशी नाहीं, हें विशेष आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा गांवोगांवच्या शाळांतून होत असतात. शेतकऱ्याचा मुलगा आठवी-नववींत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढतो. पुढें कलामहाविद्यालयाच्या दाराशीं जातो तेव्हां आपल्या हातून काय होतें व काय होत नाहीं, याची त्यास निदान कल्पना असते. संगीताचा दाखला तर सांगलीपासून हांकेच्या अंतरावर आहे. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनें उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचें कार्यालय मिरजेंत आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या या मंडळानें बांधून ठेविल्या आहेत. गाणें हें गुरूच्या पायाशीं बसून यावयाचें, त्याच्या कसल्या परीक्षा घेतां, असें म्हणणारे तेव्हांही होतेच, आणि त्यांची टीका सर्वस्वीं खोटीही नव्हती. विशारद झालेले सारेच कांहीं गवई झाले नाहींत. परंतु मध्यमवर्गाच्या माजघरांत तानपुरा शिरला, आणि सुनेनें गाणें म्हणणें हा अपराध राहिला नाहीं, तो या पायऱ्यांमुळेंच. मिरजेंत गाण्याला जिना आहे, आणि अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर, नाटकाची जन्मभूमि म्हणविणाऱ्या सांगलींत, नाटकाला तो नाहीं.

एवढें बोललों कीं पहिला आक्षेप येतो तो ठरलेला. 'अभिनय शिकवून येत नसतो. तो उपजतच असावा लागतो. बालगंधर्व कोणत्या विद्यापीठांत गेले होते?' इतका आळशी आक्षेप आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं, आणि तो सांगलीच्या माणसानें घ्यावा याचें तर नवल वाटतें. सांगलीच्या नाटकाचा इतिहास हा शिकविण्याचाच इतिहास आहे. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं भाव्यांस तसें कांहीं मराठींत करण्याची आज्ञा केली, तेव्हां भाव्यांपाशीं तयार नट नव्हते कीं तयार नाटक नव्हतें. त्यांनीं आख्यानें लाविलीं, पदें रचिलीं, सूत्रधारानें कोठें गावें आणि पात्रांनीं कोठें आपल्या शब्दांत बोलावें याची पद्धति बसविली, आणि हाताशीं आलेलीं माणसें घडविलीं. भावे लाकडी बाहुल्या करण्यांत निष्णात होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आद्य नाटककार म्हणून ज्यांस आपण हार घालतों ते आधीं हातांत हत्यार धरणारे कारागीर होते. नाट्यनिर्मिति म्हणून जिला हल्लीं स्वतंत्र शास्त्राचा मान मिळाला आहे, तिचाही आरंभ त्यांच्याच हातून झाला.

१८५१ सालीं आप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला, आणि भाव्यांस मंडळी घेऊन बाहेर पडावें लागलें. १८५३ सालीं त्यांनीं मुंबईस तिकिटें लावून खेळ केले. तेव्हांपासून नाटक मंडळी नांवाची जी संस्था महाराष्ट्रांत वाढली ती नुसती करमणुकीची पेढी नव्हती; राहण्याजेवण्याची सोय असलेली ती शाळाच होती. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आपणांस 'शारदा'कार (१८९९) म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या काळच्या नटांस ते ठाऊक होते ते तालीम-मास्तर म्हणून. नारायणराव राजहंस १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले तेव्हां सतरा वर्षांचे होते, म्हणजे आजच्या बारावीच्या विद्यार्थ्याच्याच वयाचे. गळा देवानें दिलेला होता, हें निर्विवाद. परंतु वाक्य कोठें तोडावें, पदर कसा सावरावा, समोरचें पात्र बोलत असतां आपण काय करावें, हें देवाकडून आलेलें नव्हतें; तें देवलांकडून आलेलें होतें. बालगंधर्व कोणत्या विद्यापीठांत गेले, या प्रश्नास उत्तर आहे: किर्लोस्कर नाटक मंडळी या नांवाच्या.

सातारकरांनीं हें सांगलीचें कौतुक म्हणून सोडून देऊं नये. शाहूनगर हें साताऱ्याचेंच नांव, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळी ही साताऱ्याची मंडळी. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' (१८८३) केलें, आणि गणपतराव जोशांनीं शाहूनगरवासींत ती भूमिका अशी केली कीं तिच्या आठवणी पुढें दोन पिढ्या सांगितल्या गेल्या. त्याच नाटकांत तो राजपुत्र नटांना जवळ बोलावून शब्द कसे उच्चारावे आणि हातवारे किती आवरावे याचा चांगला लांबलचक पाठ देतो. अभिनय शिकवितांच येत नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांचें भांडण शेक्सपिअरशीं आहे. आम्हांस मध्यें ओढूं नये.

आणि लोकनाट्य? पठ्ठे बापूराव वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यांतील वाटेगांवचे. ते शिकले नव्हते, असें आपण मोठ्या प्रेमानें सांगतों; शाळा शिकले नव्हते एवढाच त्याचा अर्थ. तमाशाचा फड ही एक कडक शाळा आहे. ढोलकीच्या बोलावर पाऊल, गवळणींतली सूचकता, वगांतील आयत्या वेळचें बोलणें, हें सर्व तेथें वर्षानुवर्षें घोटून घेतलें जातें. अण्णाभाऊंना फडाचा वारसा घरांतूनच मिळालेला होता.

या शाळा मोडल्या. १९३१ सालीं 'आलम आरा' बोलूं लागला, १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलला, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक नाटक मंडळ्यांचे तंबू उठले. त्या शाळांवर शाळेची पाटी नव्हती, म्हणून त्या बंद झाल्याची नोंद शिक्षणखात्यांत कोठेंच झाली नाहीं. आणि म्हणूनच त्यांच्या जागीं कांहीं उभें करावें हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. त्या जशाच्या तशा परत याव्या अशी आमची इच्छा मुळींच नाहीं. कोंवळ्या पोरांस घरापासून तोडून तेथें वाढविलें जाई. स्त्रीस तर दारांतही उभें करीत नसत. पण तेथें एक गोष्ट होती: कांहींच न येणाऱ्या मुलास कांहीं वर्षें नुसतें जवळ ठेवून घेण्याची तयारी. आजच्या पदवीसंस्थांस ती परवडत नाहीं. त्या तयार मुलगा मागतात, आणि तयार कोठें व्हावें हें सांगत नाहींत.

या ठिकाणीं कोणी सयाजी शिंद्यांचें नांव काढतात. साताऱ्याजवळच्या वेळे-कामथीचा हा शेतकऱ्याचा मुलगा पाटबंधारे खात्यांत पहारेकरी होता, ती नोकरी करीत नाटकें करूं लागला, आणि पुढें मराठी, हिंदी, तेलुगु चित्रपटांत नांवारूपास आला. त्यांच्या चिकाटीपुढें आम्हीही मान लववितों. पण या उदाहरणानें सिद्ध काय होतें? पोहून नदी पार करणारा एक जण निघाला, म्हणून पूल नको असें ठरतें काय? त्याच रात्रीं, त्याच खात्याच्या दुसऱ्या धरणांवर आणखी किती पहारेकरी कंदील घेऊन बसले होते आणि त्यांच्यांतल्या कोणाच्या गळ्यांत काय होतें, हें आपणांस कधींच कळावयाचें नाहीं. असामान्य मनुष्याचें चरित्र हें सामान्य सोयी न करण्याचें निमित्त म्हणून वापरणें ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो आम्हांस पहिल्याइतका पोकळ वाटत नाहीं. मुलगी नाटक शिकून काय करील, असें विचारणाऱ्या बापास हंसणें सोपें असतें. त्याच्या जागीं उभें राहणें कठीण. नाट्यपदवी घेतलेल्या प्रत्येकास काम मिळतें असें सांगणारा माणूस लबाड समजावा. परंतु या बापाची समजूत एका बाबतींत अपुरी आहे. नाटक म्हटलें कीं त्याच्या डोळ्यांपुढें उजेडांत उभा असलेला एकटा नट येतो. तो उजेड पाडणारा येत नाहीं. एका साध्या नाटकास प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, संगीत, सुतारकाम, दौऱ्याची व्यवस्था, हिशेब, तिकीटविक्री अशीं किती कामें लागतात तें एकदां विंगेंत उभें राहून पाहावें. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चें (२००४) चित्रण झालें. 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ पासून साताऱ्याकडेच घडली आणि तिनें साताऱ्याची बोली घरोघर नेली. असें चित्रण गांवांत आलें म्हणजे गांवची कमाई बहुधा काय असते? वाड्याचें भाडें, जेवणाचे डबे, आणि गर्दींत उभें राहण्याची मजुरी. दिवे मुंबईहून येतात, दिवे लावणारेही मुंबईहून येतात. घाट आमचा, बोली आमची, ऊनही आमचें. कसब तेवढें परगांवचें.

शिवाय बापानें दुसऱ्या बाजूनेंही विचार करावा. ज्या मुलाच्या डोक्यांत नाटकाचें वेड शिरलें त्याला एक वर्ष घराजवळ, थोड्या खर्चांत, खरोखरच्या कष्टाचें नाट्यशिक्षण दिलें, तर दोहोंपैकीं एक गोष्ट होईल. तें वेड पक्कें ठरेल, आणि मुलगा प्रवेशपरीक्षेस ताठ मानेनें जाईल. किंवा पहाटे उठून फळ्या ठोकणें आपल्यानें होत नाहीं हें त्याचें त्यालाच कळेल, आणि तो निमूटपणें दुसऱ्या अभ्यासाला लागेल. तेंच कळण्यासाठीं हल्लीं मुलें मुंबईस अंधेरीच्या एका खोलींत सहा-सहा जण मिळून पांच-पांच वर्षें काढतात. पूर्वतयारीच्या वर्षाचा खरा पुरस्कार काळजी करणाऱ्या आईबापांनीं करावयास पाहिजे. विरोध करावा तो खोल्या भाड्यानें देणाऱ्यांनीं.

मुलींच्या बाबतींत तर आपला सुशिक्षित वर्ग विलक्षण दुटप्पी वागतो. स्नेहसंमेलनांतल्या तिच्या भूमिकेचे फोटो नातेवाईकांस धाडावयाचे, करंडक दिवाणखान्यांत मांडावयाचा, आणि बारावी होतांच 'तें सर्व आतां पुरे' म्हणावयाचें. करंडक मात्र कपाटावर तसाच राहतो.

राहतां राहिले ते धंदेवाईक वर्ग. कॅमेऱ्यासमोर अभिनय, दहा दिवसांत आत्मविश्वास, मालिकेंत हमखास संधि, अशा जाहिराती हल्लीं लहान शहरांतही झळकतात. यांतील कांहीं मंडळी प्रामाणिक असतील. पण दहा दिवसांत जें शिकवितां येतें तें बहुधा उभें राहण्याची ढब असतें; आवाज, वाचन, सहकार्य, आणि दुसऱ्याच्या प्रसंगांत गप्प बसणें, यांस महिने लागतात. कॅन्स्टंटिन स्टानिस्लाव्हस्कीच्या नटाच्या तयारीवरील ग्रंथाचा के. नारायण काळे यांनीं मराठींत अनुवाद केला, त्यास 'अभिनयसाधना' असें नांव दिलें. साधना हा शब्द त्यांनीं उगाच योजला नसावा.

विलायतेंत असें पूर्वतयारीचें शिक्षण रूढ आहे. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही १९०४ सालची जुनी संस्था. तिच्यासारख्या संस्था पदवीच्या आधीं कांहीं महिन्यांचा पायाभूत अभ्यासक्रम चालवितात. तिकडेही तक्रार आहेच: या अभ्यासक्रमांची फी एवढी असते कीं श्रीमंतांचींच मुलें तयार होऊन पुढें जातात. म्हणजे जिना बांधला, आणि त्यावर टोलनाका बसविला. तो नमुना येथें उचलून आणणें म्हणजे पुण्याच्या मुलास सांगलींतही पुढें काढणें होय.

याहून चांगला नमुना साताऱ्यास घरचाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काल्यास रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास तिचें ठाणें हलविलें, आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज सुरू केलें. त्यांची 'कमवा व शिका' ही योजना कोणत्याही विषयापेक्षां नाटकास अधिक शोभेल. नाट्यगृहांत हातांच्या कामाची काय वाण? ज्या मुलानें सकाळीं पडदे शिवले, दुपारीं दिव्यांच्या तारा जोडल्या आणि रात्रीं तिकिटें फाडलीं, त्यानें आपलें शुल्क फेडलें, आणि तोच त्याचा अभ्यासही झाला. शेतांत राबून पदवी घेतलेल्या पिढ्या ज्या जिल्ह्यानें घडविल्या, त्यास हें सांगावें लागतें याचाच संकोच वाटतो.

आमची मागणी स्पष्ट आहे. शिवाजी विद्यापीठानें (१९६२), ज्याच्या कक्षेंत हे दोन्ही जिल्हे वाढले, एका वर्षाचा नाट्यपूर्वतयारीचा वर्ग सांगली व सातारा येथें काढावा. जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थानें मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां दोघांनीं एक संसार करण्यास कांहीं हरकत नसावी. वर्ग बारावीनंतरचा असावा. सांगलीस भावे नाट्यमंदिर आहे, साताऱ्यास शाहू कलामंदिर आहे. नाटकें रात्रीं होतात, वर्ग सकाळीं भरेल. पहिले चार महिने कोणासही भूमिका देऊं नये. आवाज, वाचन, चालणें, सुतारकाम, दिवे, आणि रोज एक तास नाटकें मोठ्यानें वाचणें. 'शारदा' वाचावी, खाडिलकरांचें 'कीचकवध' (१९०७) वाचावें आणि तें सरकारनें कां बंद केलें होतें हें समजून घ्यावें. अण्णाभाऊंचें लोकनाट्य वाचावें. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर वाचावे. त्यानंतर तीन प्रयोग उभे करावे. प्रत्येकानें एकांत भूमिका करावी, एकांत तांत्रिक बाजू सांभाळावी, एकांत व्यवस्था पाहावी. पुढें पदवी घेतां घेतां आणखी तीन प्रयोग केले कीं दिल्लीची सहांची अट कोणासही भेडसावणार नाहीं.

शिकविणार कोण, असें विचारतात. पडद्याआड तीस-तीस वर्षें काढलेले रंगभूषाकार, दिवे सांभाळणारे, राज्य नाट्यस्पर्धेसाठीं १९५४ पासून स्वतःच्या पदरचे पैसे घालून नाटकें बसविणाऱ्या हौशी मंडळ्यांतील दिग्दर्शक, फड सोडून घरीं बसलेल्या तमासगीर बाया, हे या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यापाशीं विद्यापीठाच्या पदव्या नाहींत, म्हणून त्यांना शिकवितां येणार नाहीं असा नियम दाखविला जाईल. नियम बदलावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांच्यांतली भिंत पाडावी असें म्हटलेलें आहे. तें वाक्य नुसतें फाइलींत ठेवण्यासाठीं लिहिलें असेल असें आम्ही धरून चालत नाहीं.

पहिल्या वर्षीं वीस जागा पुरेत: दहा मुली, दहा मुलगे, आणि निम्म्या जागा ज्या तालुक्यांत नाट्यगृह नाहीं तेथच्या मुलांसाठीं राखाव्या. त्यांची निवड करतांना तयार उतारा मागूं नये. गांवांतल्या एखाद्या माणसाची नक्कल करून दाखव म्हणावें, एक गोष्ट सांग म्हणावें, आणि दिवसभर एक पडदा टांगावयास लावावा. जीं संध्याकाळपर्यंत टिकतील तीं घ्यावीं. अर्जाचा नमुना येत्या ५ नोव्हेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागें छापतां येईल. ती बाजू बहुधा कोरीच असते.